लाल काच आणि मामे सेर्वाचं कापड

मित्रांनो, मला उचलून डोळ्यासमोर धरलंत तर सगळं जग तुम्हाला लालभडक दिसेल. घाबरू नका, जगाला काही झालेलं नसतं. मी एक जुनी काच आहे, कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवायची. फोटोवाले मला फिल्टर म्हणतात. बिस्किटाएवढा माझा आकार, भोवती पितळेची गोल चौकट, आणि कडेला एक टवका उडालेला. तो कसा उडाला ती गोष्ट हसण्यासारखी आहे, आणि आज मला हसण्यासारखं काही सांगायचं नाही.

माझा जन्म थंडीच्या मुलखातला. भट्टीत काच वितळत होती, तिच्यात कसलीशी भुकटी मिसळली आणि मी लाल झाले. घासून घासून मला सपाट केलं, कागदात गुंडाळलं आणि बोटीवर चढवलं. मी डोळे उघडले ते थेट गरम मुलखातल्या कुमासी शहरात, मोठ्या बाजाराजवळच्या एका फोटोच्या दुकानात. तिथले म्हातारे फोटोवाले पुढे डोळ्यांनी अधू झाले. तेव्हा त्यांनी कॅमेरा, तिकाटणं आणि मला आपला शागीर्द याव अद्दै याच्या हवाली केलं.

देताना ते म्हणाले, "अद्दै, ही काच फुकटात काम करत नाही बरं. उजेडाचे आठ घास आले तर सात ही खाते आणि एक आत सोडते. तिनं खाल्लं तेवढं तू भरून द्यायचं. भिंगाची कडी तीन घरं उघडायची. कडीवरच्या अकराच्या आकड्यावर असशील तर आठ, साडेपाच आणि मग चारवर ये. विसरलास तर फोटो नाही, कोळसा मिळेल."

अद्दै पहिल्याच खेपेला विसरला. शाळेच्या फुटबॉल संघाचा फोटो होता. छापून आला तेव्हा नुसता काळोख, आणि काळोखात डोळ्यांच्या अकरा जोड्या. संघाचा कप्तान म्हणाला, "मास्टर, आम्ही दुपारी उभे राहिलो होतो की ग्रहणात?" सगळा बाजार आठवडाभर त्याला 'ग्रहण मास्टर' म्हणून हाक मारत होता. तेव्हा अद्दैनं खिळा घेतला आणि माझ्या चौकटीवर तीन रेघा ओढल्या. मला दुखलं, पण त्यानंतर तो तीन घरं कधी विसरला नाही.

एक गोष्ट मात्र म्हाताऱ्यांनी त्याला सांगितली नाही. कदाचित त्यांना ती इतकी सवयीची झाली होती की सांगायची असते हेच ते विसरले. मित्रांनो, मी सगळ्या रंगांचा उजेड खाते, पण लालाला हात लावत नाही. लाल माझ्या घरचा. त्याला मी जसाच्या तसा आत सोडते. मग बाकीच्यांची भरपाई म्हणून तीन घरं उघडली की लालाला गरज नसताना आठपट उजेड मिळतो. ज्याचं काही गेलंच नाही त्यालाही भरपाई. म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल वस्तू पांढरी फटक पडते.

आणि अद्दैला हे कळायलाही मार्ग नव्हता. त्याच्या कॅमेऱ्याला दोन भिंगं, एकावर एक. तो बघायचा वरच्या भिंगातून, मी बसायचे खालच्यावर. मला काय दिसतं ते त्यानं कधी पाहिलंच नाही.

पण दिवस चांगले होते. निळं आभाळ मी फोटोत काळवंडून टाकते आणि ढग सावरीच्या कापसासारखे उठून दिसतात. त्या काळी कुमासीच्या आसपास कोकोच्या पिकावर लोकांनी नवी घरं बांधली होती. ज्याचं घर झालं तो अद्दैकडे यायचा आणि म्हणायचा, "मास्टर, ढगवाला फोटो पाहिजे. घर कुणीही काढेल, आभाळ तुम्हीच काढता." मीही फुगले होते. स्तुती कुणाला नको असते? माझ्यावर धूळ बसली तर अद्दै स्वतःच्या सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, आणि मला वाटायचं आपलं आयुष्य असंच जाणार.

मग अम्पोन्सा वारले.

लॉरीनं तासाभरावर त्यांचं गाव. अम्पोन्सा आणि त्यांची बायको मामे सेर्वा (मामे म्हणजे आई, मानाची हाक), दोघांनी मिळून अठरा वर्षांत कोकोची बाग उभी केली होती. रान तोडताना ती, रोपं लावताना ती, शेंगा फोडताना ती. पण त्या मुलखात पुरुषाची मिळकत त्याच्या बायको-मुलांकडे जात नाही, ती जाते त्याच्या आईच्या रक्ताकडे, भावाकडे नाहीतर बहिणीच्या मुलाकडे. अम्पोन्सांनी कुळाचे वडीलधारे नाना यांच्यासमोर म्हटलं होतं, "अर्धी बाग हिची." अशा देणगीला पक्कं करायचं तर घेणाऱ्यानं चार माणसांदेखत आभाराची दारूची बाटली ठेवायची असते. सेर्वा बाटली आणायला निघाली, तर नवरा हसून म्हणाला, "नवरा-बायकोत कसले आभार? बस खाली." ती बसली. बाटली राहून गेली आणि मागे नुसता शब्द उरला.

तो शब्द पाळणं आता धाकट्या भावाच्या, ज्वामेनाच्या हातात होतं. तो दूर उत्तरेला टमालेत रस्त्यांच्या कामावर होता. पुरानं रस्ता तुटला आणि तो अंत्यविधीला पोचू शकला नाही. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं निरोप पाठवला होता, "दादाचा शब्द तो माझा शब्द. वहिनीला सांगा, अर्धी बाग तिची." सेर्वानं तो निरोप दोनदा वाचून घेतला.

अंत्यविधीचे फोटो काढायला बोलावलेला अद्दै त्या सकाळी लवकर पोचला. लोक यायचे होते. अम्पोन्सांची बहीण अजवा त्याला म्हणाली, "मास्टर, ज्वामेना नाही आला. त्याला एक फोटो पाठवू. मागे दादाचं घर दिसू दे, वर आभाळ दिसू दे. तुमचं ते ढगवालं आभाळ." तिनं काळं नेसलं होतं. शेजारी सेर्वा येऊन उभी राहिली, तिच्या अंगावर लाल. जवळचं माणूस गेलं की त्या मुलखात लाल नेसतात, नाहीतर काळं. तिचे डोळे कोरडे होते, रात्रभर रडून ते कोरडे पडले होते.

अद्दैनं मला काढलं आणि भिंगावर बसवलं. मी इतकी वर्षं घरं पाहिली, झाडं पाहिली, आभाळ पाहिलं. त्या फुटबॉलच्या फोटोनंतर माणसावर त्यानं मला कधी लावलं नव्हतं. त्या लाल कापडाकडे पाहिलं आणि मला कळलं की आता काय होणार. त्यानं उजेड मोजला, ओठ हलवत तीन घरं मोजली, कडी फिरवली. सगळं अगदी नियमाप्रमाणे. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

फोटो धुऊन आला तेव्हा आभाळ देखणं होतं. घरही. अजवा काळ्या कापडात, तोंडावर हात घेतलेली. आणि तिच्या शेजारी सेर्वा, पांढऱ्याशुभ्र कापडात. तिचा तांबूस काळा चेहराही उजळून निघाला होता. अद्दै बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. त्यानं पुन्हा छापला. छापताना जास्त उजेडानं कागद काळा पडतो, म्हणून कापडावर जास्त उजेड देऊन ते गडद करायला गेला तर चेहऱ्याचा डाग झाला. शेवटी तो स्वतःशीच म्हणाला, "तिनं लाल नेसलं होतं हे सगळ्या गावानं पाहिलंय. कोण शंका घेतो?" आणि त्यानं फोटो पाकिटात घातला.

मित्रांनो, इथेच घात झाला. त्या मुलखात पांढरं नेसतात ते आनंदाला. विधवा पांढरं नेसते ते वर्षाचं सुतक फिटल्यावर, नवऱ्याचा पाश तुटल्यावर. आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल एरवी गडदच येतं, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. ज्वामेनानं पाकीट फोडलं, तेव्हा त्याला जे दिसलं त्याचा एकच अर्थ होता.

चाळिसाव्या दिवशी तो गावी आला. नानांच्या अंगणात कुळ जमलं होतं. त्या दिवसाचे फोटो काढायला अद्दैलाही बोलावलं होतं, आणि मी त्याच्या पिशवीत होते; मला दिसलं नाही ते मागाहून त्याच्या तोंडून कळलं. जमिनीवर दारूची धार सोडून पितरांना पाजून झालं. नाना म्हणाले, "बोल बाबा, लांबून आलास."

ज्वामेनानं खिशातून फोटो काढला. "नाना, टमालेत मी एकटा बसून दादासाठी रडत होतो. हे पाकीट आलं आणि माझं रडणं थांबलं. बघा माझ्या वहिनीकडे. दादा आत ताटीवर, आणि ही बाहेर पांढरं नेसून उभी. तोंडावरचं तेज बघा. नवरीच्या तोंडावर असतं तसं."

फोटो हातोहात फिरला. एक म्हातारी म्हणाली, "अरे, पण तिनं लाल नेसलं होतं. या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"कधी पाहिलंस, आजी?"

"आम्ही आलो तेव्हा. ऊन चढलं होतं."

"मग हा फोटो त्याच्या आधीचा. सावल्या बघ केवढ्या लांब आहेत. लोक यायच्या आधी पांढरं, लोक आल्यावर लाल. लाल तुमच्यासाठी होतं, आजी. दादासाठी पांढरं."

सेर्वा उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "नाना, दोन दिवस आणि दोन रात्री मी तेच लाल कापड नेसून होते. त्याच कापडात उभी राहिले. अजवाताई माझ्या शेजारी होत्या. त्यांना विचारा."

सगळ्यांनी अजवाकडे पाहिलं. मित्रांनो, ज्वामेनाला दुसरा भाऊ उरला नव्हता. त्याच्यामागे सगळी बाग जाणार होती अजवाच्या मुलाकडे, आणि अर्धी बाग कमी झाली असती तर ती त्याच्याच वाट्यातून. अजवानं कापडाची चुणी नीट केली. "मी रडत होते, नाना. डोळ्यांत पाणी असलं की कोण कुणाचं कापड बघतं?"

"ताई," सेर्वा म्हणाली, "त्याच कापडाच्या टोकाला तुम्ही त्या सकाळी नाक पुसलं होतं."

कोपऱ्यात कुणीतरी फसकन हसलं. अजवानं मान खाली घातली, पण तोंड उघडलं नाही.

मग नाना म्हणाले, "मास्टरला पुढे बोलवा. अद्दै, फोटो तू काढलास. आम्ही यातलं काही जाणत नाही. सांग, तुझा कॅमेरा लालाचं पांढरं करतो का?"

अंगणात चाळीसेक माणसं असतील. त्यातली निम्मी अद्दैची गिऱ्हाइकं. येत्या शनिवारी दोन अंत्यविधींचं काम त्यांनीच त्याला सांगितलं होतं. 'हो, करतो' म्हटलं तर सुतकातल्या माणसांना पांढरं नेसवणाऱ्या फोटोवाल्याला पुन्हा कोण बोलावणार? आणि का झालं ते तर त्याला स्वतःलाच उमगलं नव्हतं. पण मित्रांनो, 'का' माहीत नसलं तरी 'काय' ते त्याला माहीत होतं. त्या सकाळी त्यानं लाल कापड पाहिलं होतं, आणि तेवढं एक वाक्य पुरलं असतं.

तो म्हणाला, "माझा कॅमेरा ठीक आहे, नाना. उजेड मी मोजून दिला होता."

"म्हणजे चूक नाही?"

"उजेडात चूक नाही. तीन घरं उघडायची, तीनच उघडली."

"आणि ही काय नेसली होती?"

पिशवीत अंधार होता, पण सेर्वा त्याच्याकडे बघत असणार हे मला न बघताही कळत होतं. अद्दै म्हणाला, "मी… मी उजेडाकडे बघत होतो, नाना. कापडाकडे लक्ष नव्हतं."

नानांनी उसासा टाकला. अम्पोन्सांचा शब्द त्यांनी स्वतः ऐकला होता, पण आभाराची बाटली ठेवलेली नव्हती. बाटलीशिवायची देणगी वारसाच्या मर्जीवर असते, आणि वारसाची मर्जी त्या फोटोनं मारून टाकली होती. बाग सेर्वाच्या हातून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चार दिवसांनी मुसळ, भांडी आणि तीन मुलं घेऊन ती भावाच्या गावी निघून गेली. मागाहून कळलं, जाताना ती बागेत गेली होती आणि एका झाडाखाली खूप वेळ बसून होती. ते ऐकून अद्दै त्या संध्याकाळी जेवला नाही.

त्यानं मला दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि वर झाकण लावलं. कुणी ढगवाला फोटो मागितला की तो म्हणायचा, "ती काच फुटली." मी अख्खी होते. डब्यातला काळ फार लांब असतो. ओल आली, माझ्या कडेला बुरशीची जाळी धरली. कोणी पुसलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण पुसण्यासारखं दुसरंच काही राहिलं होतं.

सहा वर्षं गेली. प्रार्थनाघराची नवी इमारत झाली आणि तिथले कारभारी हटूनच बसले, "आभाळ पाहिजे, मास्टर." अद्दैनं नाइलाजानं डबा उघडला, मला पुसलं, तीन घरं उघडून फोटो काढला. फोटो छापून दोरीवर वाळत घातला तेव्हा त्याची बायको चिकवा, पिवळसर उजेडात डोळे बारीक करून बघत म्हणाली, "अहो, इमारतीशेजारी दोरीवर मीच माझं लाल कापड वाळत घातलं होतं. इथे पांढरं कुणाचं लटकतंय?"

अद्दै खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच कापड अंगणात टांगलं. एक फोटो माझ्याशिवाय काढला, एक मला लावून, तीन घरं उघडून. एकात कापड गडद आलं, दुसऱ्यात पांढरं शुभ्र. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला उचलून स्वतःच्या डोळ्याला लावलं आणि त्या कापडाकडे पाहिलं. चिकवानं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेलं नाही.

सकाळच्या लॉरीनं तो सेर्वाच्या गावी गेला. ती भावाच्या अंगणात बसून ताडाची लाल फळं निवडत होती. केस पिकले होते. तिनं त्याला ओळखलं. बसायला चौरंग दिला, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर रीतीप्रमाणे विचारलं, "इकडे कुशल आहे. आपण कशासाठी आलात?"

अद्दैनं दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले. तो अडखळत सगळं सांगत गेला. उजेड, आठ घास, तीन घरं, लालाला मिळालेली फुकटची भरपाई. सांगता सांगता त्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं मला डोळ्यापुढे धरलं आणि फळांकडे पाहिलं. एनॅमलच्या पांढऱ्या थाळीत लाल फळं होती. माझ्यातून पाहिल्यावर थाळी कुठे संपते आणि फळं कुठे सुरू होतात ते तिला दिसेना.

"एवढीशी ही काच," ती म्हणाली.

"मी नानांकडे जातो, मामे. ज्वामेनाकडे जातो. हे फोटो दाखवतो सगळ्यांना."

"नाना गेले. तीन वर्षं झाली. ज्वामेना अजून उत्तरेलाच आहे. आणि त्याच्या वतीनं बाग बघणाऱ्या अजवाताईच्या मुलानं तिथे आता नवी झाडं लावलीत." तिनं मला त्याच्या तळहातावर परत ठेवलं. "हे मला कशाला दाखवता, मास्टर? मी काय नेसले होते ते मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ती चाळीस माणसं त्या अंगणात बसली होती."

अद्दैनं दोन्ही फोटो उचलून पाकिटात घातले. ती पुन्हा फळं निवडू लागली, चांगली एका बाजूला, किडकी दुसऱ्या बाजूला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "लॉरी दुपारी जाते. चुकली तर उद्याच मिळेल."

तरीही तो ज्वामेनाला भेटायला टमालेला गेला, दोन्ही फोटो घेऊन. ज्वामेना ते बघून रडला, त्यानं वहिनीला पत्र लिहिलं, अर्ध्या बागेचं वचनही पुन्हा दिलं. सेर्वानं बागेला हात लावला नाही. तिचा निरोप आला तो एका ओळीचा होता, की ज्या झाडांसाठी मला माझं रडणं सिद्ध करावं लागलं, त्या झाडांची फळं माझ्या मुलांच्या घशाखाली उतरणार नाहीत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाकडे माझ्यासारखी काच असेल तर तिला ओल लागू देऊ नका, मऊ फडक्यानं पुसा, आणि ती किती उजेड खाते ते मोजून भरून द्या. पण कडी फिरवण्याआधी समोरच्या माणसाकडे बघा, आणि आपल्या हातून काही बिघडलं असं कळलं तर कारण सापडायची वाट बघत बसू नका, जे पाहिलं ते त्याच दिवशी सांगा. अद्दै मास्टर सहा वर्षांनी सांगायला गेला. मामे सेर्वानं त्याला चौरंग दिला, पाणी दिलं, लॉरीची वेळ सांगितली. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही, आणि मागायचं धाडस त्यालाही झालं नाही.